घर पुसण्याआधी

सुरतच्या नवागाम-डिंडोलीच्या गल्ल्यांमध्ये गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लूमवर आणि कापडगिरण्यांत कामाला आलेली कुटुंबं उधना-जळगाव रेल्वेमार्गाच्या आसपास स्थिरावली. आधी भाड्याची खोली, मग हप्त्यावरचं रो-हाऊस, मग त्यावर पत्र्याची एक वाढीव खोली, असा अनेकांचा प्रवास. यातल्या कित्येकांची गावाकडे अजून थोडीफार शेती आहे. त्यामुळे विमा म्हटलं की आठवतो तो पीकविमा. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला तर त्याचे नियम तोंडपाठ असतात. हवामानावर आधारित फळपीक विम्यात हवामान केंद्रातलं यंत्र तापमान टिपतं. ठरलेली मर्यादा ओलांडली गेली की त्या भागातल्या विमाधारकांना ठरलेली रक्कम लागू होते. कोणाच्या बागेत किती केळी करपली, हे त्यासाठी मोजत बसावं लागत नाही.

घराच्या विम्याचा हिशेब अगदी उलटा. वारा किती सुटला, पाऊस किती इंच पडला, यावरून एक रुपयाही हातात पडत नाही. तुमच्या घराचं त्याच घटनेमुळे नुकसान झालं का, आणि ते भरून काढायला किती खर्च येईल, एवढंच कंपनी विचारते. उत्तराचा पुरावा तुमच्या घरातच असतो, आणि नेमका तोच आपण सगळ्यात आधी नाहीसा करतो. पाणी ओसरलं की बादली-खराटा घेऊन चिखल काढायचा, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर टाकायच्या, फुगलेलं कपाट भंगारवाल्याला द्यायचं. घरात लेकरं असतात, रोगराईची भीती असते; घाई समजण्यासारखी आहे. पण दावा फसतो तो बहुतेक वेळा या घाईत.

वारा, खाडी आणि तापी

सुरतेवर संकट तीन वाटांनी येतं. सगळ्यांना आठवते ती ऑगस्ट २००६ची तापी. उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. दुसरी वाट खाड्यांची. लिंबायत, पर्वत पाटिया या भागांना तापीपेक्षा खाडीची धास्ती जास्त. शहरात आणि वरच्या पट्ट्यात एकाच वेळी धो धो पाऊस झाला की खाडी फुगते आणि पाणी दोन-दोन दिवस हलत नाही. जून २०२५ मध्ये सुरतकरांनी हा खाडीपूर पुन्हा अनुभवला. तिसरी वाट वाऱ्याची. १७ मे २०२१च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकलं, पण खंभातच्या आखाताच्या अलीकडे सुरतेतही त्यानं झाडं पाडली.

भारतात या तिन्ही वाटा विम्याच्या एकाच छत्राखाली येतात, आणि ही आपली मोठी सोय आहे. अमेरिकेत तसं नाही. तिथं घराच्या नेहमीच्या विम्यात वाऱ्याचं नुकसान धरतात, पुराचं धरत नाहीत. पुरासाठी १९६८ पासून सरकारी योजनेची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. २००५ साली कॅटरिना वादळानंतर घर आधी वाऱ्यानं पडलं की पाण्यानं, यावर तिथं वर्षानुवर्षं खटले चालले. आपल्याकडे वादळ, तुफान, पूर आणि जलमयता यांचा एकच गट धरतात. विमावाले त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एसटीएफआय' म्हणतात. मात्र जुन्या 'स्टँडर्ड फायर' पॉलिसीत हप्ता कमी करण्यासाठी हा गट वगळता येत असे. जुनी पॉलिसी असेल तर हा गट आत आहे की बाहेर, हे आधी पाहायचं.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी लागू केली. कोणत्याही सर्वसाधारण विमा कंपनीकडून घ्या, तिचा मूळ मजकूर सारखाच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, झाड किंवा वाहन घरावर आदळणं, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं तिच्यात येतं. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत घरात चोरी झाली तर तीही येते. पुराच्या वेळी घर सोडून नातेवाइकांकडे गेलेल्यांनी हे कलम लक्षात ठेवावं.

"हा पूर नव्हे, नुसतं पावसाचं पाणी साचलंय" असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध जे. के. सिमेंट वर्क्स या खटल्यात, २०२० साली, सर्वोच्च न्यायालयानं अतिवृष्टीनं साचलेलं पाणीही 'पूर आणि जलमयता' यात येतं असं मानलं. नदीनं काठ सोडलाच पाहिजे, अशी अट नाही. नदीपासून दूर असलेल्या, पण दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या वस्त्यांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

जे मिळत नाही ते

वादळानं पत्रा उडाला आणि उघड्या छतातून पाऊस आत येऊन कपाट, गाद्या, टीव्ही भिजले, तर हे सगळं नुकसान वादळाचंच. पत्रा जागेवर आहे, स्लॅबला भेग आहे आणि तिच्यातून दर पावसाळ्यात ओल झिरपते, तर ते देखभालीचं काम. विमा त्याचे पैसे देत नाही. पोपडे, जुनी ओल, गंजलेले खिळे, वाळवी ही सगळी 'हळूहळू झालेली झीज'. वादळाच्या निमित्तानं जुनी ओलही दाव्यात घुसवायचा मोह होतो. तो टाळावा, कारण एक खोटी ओळ दहा खऱ्या ओळींवर संशय आणते.

विजेच्या उपकरणांचंही असंच. पुराचं पाणी शिरून फ्रिज गेला तर तो पुराचा दावा. वीज परत आल्यावर दाब वाढून मोटर जळली, तर साध्या पॉलिसीत ती बसत नाही. वाहनाचा दावा वाहनाच्या पॉलिसीतूनच होतो, आणि नुसती 'थर्ड पार्टी' असेल तर तिथंही हात रिकामेच. पाण्यात बुडालेली दुचाकी मात्र चालू करून बघू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कंपनी ते नुकसान तुमच्या माथी मारते.

सुरतेत आणखी एक पेच खास. इथल्या कित्येक घरांत बायका साड्यांना स्टोन, टिकल्या, लेस लावण्याचं जॉबवर्क करतात. घरात व्यापाऱ्याच्या साड्यांचे गठ्ठे पडलेले असतात. पूर आला की गठ्ठे भिजतात आणि व्यापारी पैसे मागतो. घराच्या विम्यात धरलेलं असतं ते घरगुती सामान. दुसऱ्याचा धंद्याचा माल त्यात धरत नाहीत. त्यासाठी वेगळा विमा लागतो. लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. माल घरात घेण्याआधीच "याचा विमा तुमचा की माझा" एवढं व्यापाऱ्याला विचारून ठेवावं.

पॉलिसी कपाटात नाही, बँकेत असेल

"आमचा कसला विमा?" असं म्हणणाऱ्या अनेकांचा विमा असतो. गृहकर्ज घेताना बँक किंवा हाउसिंग फायनान्स कंपनी बहुधा घराचा विमा उतरवायला लावते. हप्ता कर्जातच मिसळलेला असतो आणि प्रत फाइलमध्ये पडून राहते. शाखेत जाऊन कर्ज खात्याचा क्रमांक द्या, मालमत्ता विम्याची प्रत मागा आणि तीन गोष्टी बघा. मुदत संपलेली आहे का? विमा घराच्या बांधकामाचाच आहे की कर्जदाराच्या जिवाचा? घरातलं सामान त्यात आहे का? जिवाच्या विम्याला लोक घराचा विमा समजून बसतात. आणि बँकेचं नाव पॉलिसीत असेल तर भरपाईचा पैसा आधी बँकेच्या हक्काचा असतो. दुरुस्तीसाठी तो तुम्हाला सोडावा म्हणून बँकेला लेखी अर्ज करावा लागतो.

कागदांचा प्रश्नही इथं आहेच. सुरतच्या बाहेरच्या पट्ट्यातली बरीच घरं नोंदणीकृत दस्तावेजाऐवजी नोटरीच्या करारावर हातबदल झालेली. विमा ज्याच्या नावावर, त्याचा त्या घरात आर्थिक हितसंबंध दिसला पाहिजे. वेरा बिल (घरपट्टी), लाइट बिल, खरेदीचा करार, कर्जाची कागदपत्रं यांवरची नावं जुळत नसतील तर ते पावसाळ्याआधी सरळ करून घ्या. पूर आल्यावर ते काम होत नाही.

पहिले दोन दिवस

पाणी ओसरू लागलं, वारा थांबला. सगळ्यात आधी मेन स्विच बंद आणि माणसं सुरक्षित. मग मोबाइल काढायचा. घराच्या दारापासून सुरुवात करून एकच सलग व्हिडिओ घ्या: गल्ली, घराचा नंबर, दार, मग एकेक खोली. भिंतीवर पाण्यानं चिखलाची जी रेघ ओढलेली असते तिच्याजवळ मोजपट्टी धरून फोटो काढा. ती रेघ पुसली गेली की पाणी गुडघ्याएवढं होतं की कमरेएवढं, हे सांगायला दुसरा साक्षीदार उरत नाही. प्रत्येक उपकरणाचा फोटो दोनदा: एकदा पूर्ण वस्तू, एकदा तिच्यावरचा कंपनीचा क्रमांक. उडालेला पत्रा शेजारच्या गच्चीवर पडला असेल तर तिथला फोटो, तुटलेल्या हुकांचा आणि वाकलेल्या अँगलचाही. वारा कोणत्या बाजूनं आला हे त्यावरून कळतं.

त्याच दिवशी कंपनीला कळवा. टोल-फ्री क्रमांकावर फोन करून दाव्याचा क्रमांक घ्या आणि लगेच त्याचा उल्लेख करून ईमेल टाका. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असं धरून चालू नका. ईमेल चार ओळींचा पुरतो: पॉलिसी क्रमांक, घटनेची तारीख-वेळ, काय झालं, सर्वेअर पाठवा. आकडा नक्की नसेल तर 'अंदाजे' लिहा. 'भारत गृह रक्षा'त दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. पण पहिली खबर ताबडतोब. पुरात अडकल्यानं उशीर झाला तर कारण लेखी द्या. खऱ्या दाव्याला निव्वळ उशिराच्या कारणावरून नकार देऊ नये, असं नियामकानं सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना बजावलेलं आहे.

मग सर्वेअर येईपर्यंत चिखलात बसून राहायचं का? नाही. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाची जबाबदारीच आहे. छताला ताडपत्री बांधा, पाणी उपसा, वाचलेलं सामान वर हलवा, आणि या खर्चाच्या पावत्या ठेवा. भिजलेल्या वस्तू मात्र फेकू नका. गच्चीवर किंवा अंगणात एका बाजूला रचून ठेवा. धान्यासारखं सडणारं सामान टाकावंच लागलं तर फोटो काढून, कंपनीला ईमेल करून टाका. चिखल काढायचा तर एका कोपऱ्यातली भिंतीची रेघ तेवढी राहू द्या.

सर्वेअर दारात उभा

सर्वेअर हा विमा कंपनीचा नोकर नसतो. तो परवानाधारक स्वतंत्र व्यावसायिक असतो, पण त्याची फी कंपनी देते. त्याच्याशी भांडूही नये आणि त्याच्यापुढे गयावयाही करू नये. नियामकाच्या २०२४च्या नियमांनुसार खबर मिळाल्यावर २४ तासांत सर्वेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि कंपनीनं अहवालानंतर सात दिवसांत निर्णय घ्यायचा. मोठ्या आपत्तीत एकेका सर्वेअरकडे शेकडो घरं येतात, म्हणून पाठपुरावा लागतोच.

समजा, रो-हाऊसच्या वरच्या खोलीचा पत्रा उडालाय आणि खाली गुडघाभर पाणी आलं होतं. सर्वेअर आत येतो, बूट चिखलात, हातात टेप.

"काका, ही ओल या वर्षीची का?"

"वरची या वादळाची. ही खालची कोपऱ्यातली जुनी आहे, ती आम्ही लिहिलेली नाही."

हे एक वाक्य फार कामाचं. पुढच्या पंधरा मिनिटांत तो तुमच्या यादीकडे वेगळ्या नजरेनं बघतो. तो पत्र्याची लांबी-रुंदी मोजतो, जाडी विचारतो, पत्रा कोणत्या साली टाकला ते विचारतो. भिंतीवरच्या रेघेची उंची लिहून घेतो आणि मग फ्रिजचा कॉम्प्रेसर त्या रेघेच्या खाली होता का, ते बघतो. टीव्ही भिंतीवर पाच फुटांवर असेल आणि पाणी दीड फूट असेल, तर टीव्ही पुरानं गेला असं तो लिहिणार नाही, आणि तुम्हीही लिहू नये.

त्याच्या हातात द्यायला तीन गोष्टी तयार असाव्यात. पहिली, वस्तूंची यादी: वस्तू, खरेदीचं साल, तेव्हाची किंमत, आजची किंमत, दुरुस्त होईल की नाही. दुसरी, अंदाजपत्रकं. कडियाकडून (गवंड्याकडून) आणि पत्रेवाल्याकडून 'एकूण रिपेरिंग ८०,००० रुपये' अशी एका ओळीची चिठ्ठी आणू नका. किती चौरस फूट पत्रा, कोणत्या जाडीचा, किती अँगल, किती मजुरी, असं फोडून लिहिलेलं हवं. फ्रिज, वॉशिंग मशीनसाठी सर्व्हिस सेंटरचा लेखी अभिप्राय घ्या. तिसरी, घटना घडल्याचा पुरावा: वर्तमानपत्रातली बातमी, हवामान खात्याची पावसाची नोंद, आणि पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत. गुजरातेत यासाठी तलाठी आणि मामलतदार कचेरी. आपल्याकडचा तहसीलदार तो तिथला मामलतदार.

पावत्या पुरात वाहून गेल्या म्हणून दावा बुडत नाही. कार्डाचं स्टेटमेंट, दुकानदाराकडची दुय्यम प्रत, हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूचा करार, वॉरंटीची ऑनलाइन नोंद, एवढंच काय, लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारा फ्रिजसुद्धा पुरावा ठरतो. सर्वेअरनं मागितलेले कागद देताना पोच घ्या, आणि तो जे तोंडी मागेल ते "आपण आज मागितल्याप्रमाणे" असं लिहून ईमेलनंच पाठवा.

आकड्यांचं गणित

विमा घराच्या बाजारभावाचा नसतो. जागेची किंमत वाहून जात नाही. जातं ते बांधकाम. म्हणून 'भारत गृह रक्षा'त विम्याची रक्कम काढतात ती चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, अशी. उदाहरणादाखल, ४५ चौरस मीटरचं घर आणि २०,००० रुपये चौरस मीटर दर धरला तर ९ लाख. घराचा विमा घेतला की त्याच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरगुती सामान आपोआप धरलं जातं. इथं ते १ लाख ८० हजार. दागिने आणि मौल्यवान वस्तू त्यात नसतात, त्या वेगळ्या सांगून घ्याव्या लागतात. रोख रक्कम तर धरतच नाहीत. ढिगारा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत वेगळी मिळते. हे लोक मागतच नाहीत.

जुन्या किंवा दुसऱ्या प्रकारच्या पॉलिसीत एक काटा असतो. बांधायला १२ लाख लागणाऱ्या घराचा विमा ६ लाखांचाच काढला आणि १ लाखाचं नुकसान झालं, तर कंपनी म्हणते, तुम्ही निम्माच विमा घेतलात, निम्मं नुकसान तुमचं. आणि ५० हजार देते. 'भारत गृह रक्षा'त ही कपात काढून टाकली आहे. तिथं विम्याच्या रकमेच्या मर्यादेत पूर्ण नुकसान मिळतं. कमी रक्कम पाहून धक्का बसला तर आधी पॉलिसी कोणती ते बघा, मग सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागा. कोणती वस्तू कुठं कापली, घसारा किती लावला, ते त्यात ओळीनं लिहिलेलं असतं.

सरकारी मदतीची गल्लत यात करू नये. पुरानंतर गुजरात सरकार कॅश डोल, म्हणजे रोख मदत, आणि घरवखरीची, म्हणजे घरगुती सामानाची, मदत देतं. ती विमा असो-नसो, पात्र कुटुंबाला मिळते. सरकारी सर्वेक्षणाची टीम गल्लीत आली की हजर राहा. तिथं झालेली नोंद विम्याच्या दाव्यालाही आधार देते.

नकार आल्यावर

नकाराचं पत्र आलं की पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नकार, ते आधी वाचा. कारण तोंडी सांगितलं असेल तर लेखी मागा. सर्वेअरचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तो अंतिम आणि बंधनकारक नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात सांगितलं आहे. कमी रकमेच्या व्हाउचरवर 'पूर्ण आणि अंतिम' म्हणून सही करावी लागली तरी दार बंद होत नाही. त्यामुळे वाढीव भरपाई मागण्याचा हक्क जात नाही, असं नियामकाचं सप्टेंबर २०१५चं परिपत्रक आहे. तरीही सही करण्याआधी "वादासह स्वीकारत आहे" असा ईमेल टाकलेला बरा.

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. त्याच वेळी नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. सुरतसह सगळ्या गुजरातसाठी त्यांचं कार्यालय अहमदाबादला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद चालतो, आणि निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. त्याऐवजी सुरतच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. तिथं दोन वर्षांची मुदत. पण एकच प्रकरण एकाच वेळी दोन्हीकडे चालत नाही. निर्णयाला उशीर झाला तर बँक दराहून २ टक्के जास्त व्याज मागता येतं; तक्रारीत ते स्पष्ट शब्दांत मागा.

या सगळ्याची खरी तयारी कोरड्या दिवसांत होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बरीचशी कुटुंबं खान्देशात गावी निघतात, आणि आखाजी पावसाच्या महिना-दीड महिना आधी येते. निघण्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढा. घराचा व्हिडिओ करा, उपकरणांच्या क्रमांकांचे फोटो घ्या, वेरा बिल आणि पॉलिसी स्कॅन करून गावाकडच्या भावाला आणि स्वतःच्या ईमेलला पाठवा, आणि पॉलिसीची शेवटची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरवर टाका. पॉलिसी नसेलच, तर ती आकाश भरून आल्यावर नव्हे, त्याच आठवड्यात घ्या.